ठोसेकरांची गॅरंटी

'घण'चा सहावा भाग येणार ही बातमी ठोसेकरांना दाढी करताना कळली आणि त्यांनी हनुवटी कापून घेतली.

बातमी आणली लेकीनं. बाथरूमच्या दाराबाहेरून ती ओरडली, "बाबा, तुझा म्हातारा परत येतोय!" ठोसेकरांना क्षणभर वाटलं, आपले वडीलच परत येताहेत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि असतानाही ते न सांगताच यायचे, त्यामुळे हात हलला यात ठोसेकरांचा काही दोष नव्हता.

ठोसेकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव आता पगाराच्या चिठ्ठीवर आणि विजेच्या बिलावर तेवढं उरलं आहे. वजनमापे खात्यात ते हेडक्लार्क. दुकानदारांचे तराजू खरे की खोटे हे ठरवणारं ते खातं. ठोसेकरांची स्वतःची अंगकाठी अशी, की एखाद्या तराजूनं त्यांची दखल घेतली तर तो तराजू तपासायला घ्यावा. आयुष्यात त्यांनी एकच ठोसा मारला, तोही ऑफिसातल्या अडकलेल्या ड्रॉवरला. ड्रॉवर उघडला नाही. ठोसेकरांच्या करंगळीला मात्र प्लॅस्टर घालावं लागलं. तरीही सगळं जग त्यांना ठोसेकर म्हणायचं, कारण 'घण' या विषयावर त्यांच्याइतका अधिकारी माणूस पंचक्रोशीत नव्हता. निदान त्यांच्या मते तरी नव्हता, आणि वाद घालायला कुणाला वेळ नव्हता.

'घण' म्हणजे याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या एका बॉक्सरच्या सिनेमांची मालिका. पहिल्या भागात तो गोदीत पोती उचलत असतो, तिथून रिंगणात येतो, मरणाचा मार खातो, पंच नऊपर्यंत मोजतो आणि हा उठतो. दुसऱ्या भागात आणखी मार खातो आणि उठतो. तिसऱ्यात त्याची बायको म्हणते उठू नका, तरी उठतो. चौथ्यात एक हात गळ्यात बांधलेला असताना उठतो. पाचव्यात काय करतो ते विचारू नये. पाचवा भाग खरे भक्त मोजत नाहीत.

पहिला भाग पाहिला तेव्हा ठोसेकर गणितात दोनदा नापास झालेले होते. शेजारच्या खुर्चीवर त्यांच्याच बाकावरचा दोस्त बसला होता, तोही दोनदा नापास. थिएटरातून बाहेर पडल्यावर दोघं घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. घरी जाऊन पुस्तकं उघडली आणि तिसऱ्या खेपेला पास झाले. ठोसेकरांना पस्तीस मार्क पडले, दोस्ताला छत्तीस. तो एक जादा मार्क दोस्तानं पुढे जन्मभर वापरला. पुढे त्यानं चष्म्यांचं दुकान काढलं, म्हणून तो चष्मेवाला. पाचही भाग दोघांनी पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, शेजारी शेजारी बसून पाहिले होते. तेव्हा हनुवटीला कापूस लावून ठोसेकरांनी पहिला फोन केला तो त्यालाच.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"येत्या महिन्यातला पहिला शुक्रवार. पहिला खेळ. आपण दोघंच."

 मग चष्मेवाला म्हणाला, "दोघंच ना? नक्की? मला जरा बोलायचंही आहे तुझ्याशी. पिक्चर झाला की बसू कुठेतरी."

"बसू की!" ठोसेकर म्हणाले आणि त्या आनंदात ते शेवटचं वाक्य विसरूनही गेले.

इथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण आनंद आणि शिंक माणसाला दाबता येत नाही. ठोसेकर जिना उतरत होते आणि सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढत होते. सेक्रेटरींची तक्रार अशी होती, की पाण्याची टाकी आणि पार्किंग यापलीकडे सोसायटीत लोक एकत्र येतच नाहीत, आणि आले की भांडतात. ठोसेकरांनी त्यांना बातमी सांगितली. सेक्रेटरींचा चेहरा उजळला.

"मग सगळेच जाऊ या! सामूहिक कार्यक्रम! तुम्ही पुढाकार घ्या."

"नाही, म्हणजे आम्ही दोघंच..."

"लाजू नका हो. तुमच्यासारखी माणसं मागे राहतात म्हणून सोसायटी मागे आहे."

असं कुणी म्हटलं की मध्यमवर्गीय माणूस संपतो. संध्याकाळी फलकावर सूचना लागली. तळमजल्यावरच्या काकू वर चढून आल्या. त्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे. त्या फक्त तक्रार असेल तेव्हाच चढायच्या.

"मारामारी फार नाही ना त्यात?"

"काकू," ठोसेकर डोळे अर्धवट मिटून म्हणाले, "लोकांना मारामारी दिसते. मुळात ते तत्त्वज्ञान आहे."

"रक्तबिक्त?"

"असेल तर तेही तत्त्वज्ञानापुरतंच."

"बघा हं. मला एकदा सुरुवात झाली की उठून येता येत नाही, गुडघे धरतात."

"काकू, तुम्ही उठणारच नाही. माझी गॅरंटी."

हा शब्द त्यांनी त्या आठवड्यात इतक्या लोकांना वाटला की पुढे तो परत घ्यायचा म्हटलं तर दारोदार फिरावं लागलं असतं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, दात पडतात का? ठोसेकर म्हणाले, दर भागाला निदान दोन, गॅरंटी. समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं, आधीचे भाग पाहिले नसताना थेट सहावा पाहणं म्हणजे पाया न घालता गच्ची बांधणं. आधी तयारी करून घ्या. झालं. ठोसेकर रोज संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगच्या खोलीत पहिल्या चार भागांवर व्याख्यानं देऊ लागले. मास्तर पहिल्या रांगेत बसून टिपणं काढत आणि अधूनमधून "उदाहरण द्या" म्हणत. पाचव्या भागाचं काय, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ठोसेकरांनी पाण्याचा पेला उचलला, हळूहळू रिकामा केला आणि "पुढचा प्रश्न" असं म्हणाले.

त्या पंधरवड्यात ठोसेकर सुखी होते हे कबूल केलं पाहिजे. चाळीस-एक माणसं आपलं ऐकून घेताहेत हा अनुभव हेडक्लार्कला नोकरीत येत नाही, घरात तर नाहीच. बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुमच्या मित्राचे दोन फोन येऊन गेले. तुम्ही खाली व्याख्यानात होतात."

"करतो," ठोसेकर म्हणाले. त्या दिवशी तिसरा भाग संपत आला होता.

ऑफिसात रजेचा अर्ज दिला. कारण लिहिलं, खाजगी. साहेबांनी बोलावून विचारलं, खाजगी म्हणजे काय? ठोसेकरांना खोटं बोलता येत नसे. वजनमापे खात्यात राहून राहून तो अवयवच झडला होता. त्यांनी खरं सांगितलं. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "आमच्या हिला घेऊन मीही येतो. दोन तिकिटं धरा." अशा रीतीनं रजा मंजूर झाली आणि सुट्टी गेली.

थिएटरच्या मॅनेजरनं सांगितलं, एवढी तिकिटं एकदम हवी असतील तर संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज द्या, शिक्का मारा आणि उद्देश लिहा.

"उद्देश, पिक्चर पाहणे."

"ते सगळेच पाहतात. तो उद्देश होत नाही. शैक्षणिक, सांस्कृतिक की धर्मादाय?"

धर्मादाय म्हटलं असतं तर पुढच्या घटना पाहता ते जास्त खरं ठरलं असतं. पण ठोसेकरांना आपली व्याख्यानं आठवली आणि ते म्हणाले, "शैक्षणिक."

"मग सोबत शिक्षकाची सही लागेल."

मास्तरांनी निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी सही करायला मिळते म्हणून तीन ठिकाणी केली. मॅनेजरनं अर्ज पाहिला, शिक्का उजेडात धरून पाहिला आणि तिकिटं काढून दिली. नियमाप्रमाणे शैक्षणिक सहलींना पडद्याजवळच्या पहिल्या तीन रांगा मिळतात, हे तिकिटं हातात पडल्यावर कळलं. मुलांना जवळून दिसावं म्हणून तो नियम होता. ठोसेकरांनी विनवण्या केल्या. मॅनेजर म्हणाला, "आता बदलायचं तर उद्देश बदलावा लागेल, आणि एकदा नोंदवलेला उद्देश बदलता येत नाही."

शुक्रवार उजाडला. काकू गुडघ्यांसाठी उशी घेऊन आल्या. ती पाहून आणखी चौघी उश्या आणायला परत गेल्या. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले. साहेब आणि त्यांची बायको आली, तेव्हा शिष्टाचार म्हणून ठोसेकरांना त्या दोघांच्या मध्ये बसावं लागलं. साहेबांची इच्छा होती की कथानक त्यांनी एका कानात सांगावं आणि बाईंची इच्छा होती की त्यांनी गप्प बसावं. चष्मेवाला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. चाळीस माणसं आणि पाच उश्या त्यानं नजरेनं मोजल्या. त्याच्या वाट्याला तिसऱ्या रांगेच्या टोकाची, खांबामागची खुर्ची आली.

"दोघंच म्हणाला होतास," तो जाता जाता म्हणाला.

"अरे, झालं असं की..."

"बस, बस. साहेब बोलावताहेत."

दिवे मालवले. संगीत सुरू झालं, तेच जुनं संगीत, आणि ठोसेकरांच्या अंगावर काटा आला. मागच्या रांगांमध्ये कुठून कुठून आलेले भक्त शिट्ट्या मारत होते. एकाच्या दंडावर घणाचं चित्र गोंदलेलं होतं आणि ते सगळ्यांना दिसावं म्हणून तो बाही वर करून उभा होता. पडद्यावर घण आला. पडदा एवढा जवळ होता की घणाचं नाक पाहायचं तर डोळे वर करावे लागत आणि हनुवटी पाहायची तर मान खाली घालावी लागे. तो म्हातारा झाला होता. डोक्यावर केसांचा टोप होता आणि टोप तरुण असल्यामुळे खालचा चेहरा आणखी म्हातारा वाटत होता. तो घरभर काहीतरी शोधत होता. भक्तांनी ओळखलं, जुने ग्लोव्ह्ज शोधतोय! शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. घणाला चष्मा सापडला, तो त्यानं लावला आणि औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली.

पुढचा तासभर घण वेगवेगळ्या रांगांमध्ये उभा राहिला. दवाखान्याच्या रांगेत, बँकेच्या रांगेत, मग पुन्हा दवाखान्याच्या. "आता उठेल," ठोसेकर साहेबांच्या कानात म्हणत होते. "हा दर वेळी आधी खाली जातो, मग उठतो." मध्यंतराच्या जरा आधी घण एका बंद दारासमोर उभा राहिला. त्याचा जबडा आवळला गेला. कॅमेरा हाताजवळ गेला. मूठ वळली. थिएटरनं श्वास रोखला. घणानं दार ठोठावलं. आत त्याची घटस्फोटित मुलगी राहत होती. मध्यंतर झालं.

शेवटी एकदाचा तो रिंगणात उतरला. समोर त्याच्या नातवाच्या वयाचा पहिलवान होता. घंटा वाजली. मागचे भक्त "घण! घण!" म्हणून पाय आपटत होते, ठोसेकरांनी भान विसरून साहेबांच्या बायकोचा हात धरला होता. घणानं त्या पोराकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग दातांनी ओढून एक ग्लोव्ह काढला, मग दुसरा, दोन्ही दोरावर टांगले आणि तो रिंगणातून खाली उतरून घरी गेला. समाप्त.

दिवे लागले तेव्हा कुणीतरी मागून पॉपकॉर्नचा डबा पडद्यावर फेकला. पहिल्या तीन रांगा वाटेत असल्यामुळे तो पडद्यापर्यंत पोचला नाही. दंडावर चित्र असलेला माणूस बाही खाली ओढत, बटण लावत बाहेर पडला. साहेबांच्या बाईंनी आपला हात सोडवून घेतला. ठोसेकर चष्मेवाल्याला शोधायला वळले, तर खांबामागची खुर्ची रिकामी होती.

ज्याला दुःख एकट्यानं करायला मिळतं तो भाग्यवान. ठोसेकरांकडे त्या संध्याकाळपासून लोक येऊ लागले. सिनेमा जणू त्यांनीच बांधलेली टाकी होती आणि ती आता गळत होती. "तुमच्या पिक्चरनं माझी तीन गिऱ्हाइकं गेली," डॉक्टर म्हणाले, "आणि एक दात पडला नाही. एक!" मास्तर टिपणांची वही परत करायला आले. "तुम्ही चार भाग शिकवलेत," ते थंडपणे म्हणाले, "आणि परीक्षेत सगळं अभ्यासक्रमाबाहेरचं आलं. माझ्या काळी अशा शिक्षकाची बदली व्हायची." सेक्रेटरींनी सांगितलं, सोसायटी प्रथमच एका मुद्द्यावर एक झाली आहे, पण तो मुद्दा ठोसेकर हा आहे. फक्त काकू खूश होत्या. "छान स्वच्छ होता हो. काही मारामारी नाही. दुसरा लागला की सांगा." ठोसेकरांना सगळ्यांत जास्त लागलं ते हे.

त्यात पहिल्या तीन रांगांनी आपलं काम केलं. शनिवारी सकाळी अख्ख्या सोसायटीच्या माना धरल्या. जिन्यात भेटणारा माणूस ठोसेकरांकडे वळून बघेना. हा बहिष्कार आहे की मानदुखी हे त्यांना कळेना, आणि विचारायची सोय नव्हती. कारण उत्तर काहीही आलं तरी दोष त्यांचाच होता. सोमवारी साहेबांनी त्यांची सगळी टिपणं "पुन्हा मांडा" असा शेरा मारून परत पाठवली. साहेबांच्या गळ्याला पट्टा होता.

फोनवर भक्तांचा एक गट होता. कुठकुठल्या गावचे, कधी न भेटलेले लोक. ठोसेकर तिथं जुने जाणते म्हणून मान राखून होते. त्या गटात आता दोन तट पडले, सहावा भाग मोजणारे आणि न मोजणारे. एकानं लिहिलं, 'माझं लहानपण परत द्या.' दुसऱ्यानं लिहिलं, 'उतरला कसा? तो उतरतोच कसा?' आणि मग सगळे म्हणाले, ठोसेकर काय म्हणतात ते पाहू. ठोसेकरांनी रविवार घालवून निकाल लिहिला. मथळा दिला, 'घण मेला'. त्यात त्यांनी असं मांडलं, की ज्या माणसानं आपल्याला उठायला शिकवलं त्यानंच घरी निघून जावं हा विश्वासघात आहे, आणि हा भाग ज्याला आवडेल त्यानं पहिला कधी पाहिलाच नाही. वाहवांचा पाऊस पडला. तेवढ्यात खाली एक ओळ उमटली. त्या गटात कधीही काही न लिहिणाऱ्या माणसानं ती लिहिली होती.

'मला आवडला.'

खाली चष्मेवाल्याचं नाव होतं.

गट त्याच्यावर तुटून पडला. 'काका, चष्मा बदला,' असं एकानं लिहिलं. तो माणूस चष्मेच विकतो हे त्याला ठाऊक नव्हतं, ठोसेकरांना होतं. म्हणूनच त्यांना हसू आलं आणि त्या ओळीखाली त्यांनी हसऱ्या तोंडाचं चित्र टाकलं. टाकलं, आणि लगेच काढून घ्यावंसं वाटलं. पण काढायचं कसं हे लेक घरी आल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि लेक संध्याकाळी आली. तोवर चष्मेवाला गटातून बाहेर पडला होता. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही उचलला नाही. मग ठोसेकरांनीही ठरवलं की आपण तरी का करावा. स्वाभिमान नावाची वस्तू माणूस नेमकी अशा वेळी बाहेर काढतो.

दैवाची चेष्टा अशी की त्याच आठवड्यात त्यांच्या चष्म्याची नाकावरची गादी निखळली. इतकी वर्षं चष्म्याला काही झालं की चष्मेवाल्याच्या काउंटरवर ठेवायचा आणि चहा येईपर्यंत तो दुरुस्त व्हायचा. ठोसेकर मान ताठ ठेवून नव्या बाजारातल्या एका दुकानात गेले, जिथे चष्म्यांपेक्षा आरसे जास्त होते. तिथल्या मुलीनं त्यांना पटवलं की नुसती गादी बसवणं म्हणजे मागासलेपण. आता एकाच काचेत तीन नंबर असतात. ठोसेकर नवा चष्मा लावून बाहेर पडले. नाकासमोर पाहिलं तर रस्ता ठीक होता, खाली पाहिलं तर तो उचलून जवळ आणल्यासारखा दिसत होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर त्यांना एक पायरी जास्त दिसली. होती कमी. ते थेट साहेबांच्या खोलीच्या दारात पालथे पडले.

आधी सगळे धावले. फार लागलं नाही असं दिसल्यावर डिस्पॅचच्या कारकुनातला रसिक जागा झाला. तो गुडघ्यावर बसून, हात जमिनीवर आपटत मोजू लागला, "एक... दोन... तीन..." बाकीचे त्याला सामील झाले. ठोसेकरांच्या गालाला फरशी गार लागत होती. त्यांना वाटलं, आता उठावं. हीच वेळ. सगळं ऑफिस पाहतंय. सहा. सात. आणि तिथं पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला उठायची मुळीच इच्छा नाही. फरशी बरी आहे. आठ, नऊ, दहा झाले, लोक अकरा म्हणावं की नाही या विचारात पडले, आणि शेवटी शिपायानं त्यांना बगलेत धरून खुर्चीत बसवलं.

घोटा सुजला. ठोसेकर घरी पाय उशीवर ठेवून छताकडे बघत पडले. जगात कुठल्याच गोष्टीची गॅरंटी नाही, हे त्यांनी बायकोला दोनदा सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिसऱ्यांदा त्यांनी सुरुवात केली तेव्हा ती म्हणाली, "बरं, ते असू दे. भावोजींच्या चष्म्याच्या दुकानाचं तुम्हाला कळलं की नाही?"

"काय दुकानाचं?"

"बंद करताहेत. या महिन्याअखेर."

ठोसेकर उठून बसले. "काहीतरीच! का?"

"हात थरथरतात त्यांचे. वर्ष झालं. ते बारीक स्क्रू धरवत नाहीत, काच बसवताना निसटते. औषधं चालू आहेत, पण डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. वहिनी भेटल्या होत्या, त्यांनी सांगितलं." तिनं हातातली घडी मोडून पुन्हा घातली. "अहो, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? वहिनी तर म्हणाल्या, ते आधी तुम्हालाच सांगणार होते. पिक्चर झाल्यावर."

ठोसेकरांनी पाय उशीवरून खाली घेतला. बोलण्यासारखं काही नव्हतं आणि होतं ते आधीच गटावर लिहून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ते लंगडत दुकानात गेले. अर्ध्या फळ्या रिकाम्या होत्या. चष्मेवाला काउंटरमागे स्टुलावर बसला होता. त्यानं ठोसेकरांच्या पायाकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे नाकावर काय बसवलंय? कुणी केलं हे?"

"नव्या बाजारात."

"उजवी काच दोन रेषा वर बसवलीय. पडला असशील."

"पडलो."

"पडणारच. काढ इकडे." त्यानं हात पुढे केला. हात हवेत थरथरत राहिला, दोघांनीही तो पाहिला. चष्मेवाल्यानं तो मागे घेऊन खिशात घातला. "बघ, असं आहे," तो म्हणाला.

"मला सांगायचंस तरी."

"कधी? दुसऱ्या भागाच्या व्याख्यानात की चौथ्याच्या?"

ठोसेकरांनी मान खाली घातली. मान अजून दुखत होती. "ते हसरं तोंड..." ते म्हणाले. "मला काढता येत नव्हतं. कसं काढतात ते माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे तुला येत नसणार," चष्मेवाला म्हणाला. "छत्तीस मार्कवाल्यालाही येत नाही." मग म्हणाला, "त्यानं ते ग्लोव्ह्ज काढले ना, तेव्हा खांब आड येत होता. मला नीट दिसलंच नाही. नुसतं लोकांचं ओरडणं ऐकू आलं."

पिक्चर अजून एका थिएटरात रडतखडत चालू होता. दोघं दुपारच्या खेळाला गेले. हॉलमध्ये त्यांच्याशिवाय एक पेंगणारा माणूस होता आणि एक जोडपं, ज्यांना पडद्याशी काही कर्तव्य नव्हतं. या वेळी ते मधोमध बसले. ठोसेकरांनी मनाशी ठरवलं होतं की हा पिक्चर आपल्याला आवडलाच पाहिजे. मित्राच्या डोळ्यांनी पाहायचा. त्यांनी प्रयत्नांची पराकाष्ठा केली. दवाखान्याच्या रांगेत त्यांनी करुणा शोधली, बँकेच्या रांगेत समाज शोधला. दार ठोठावलं तेव्हा डोळ्यांत पाणी यावं म्हणून पापणी मिटली नाही. पण वाईट ते वाईटच. पहिल्या खेपेला जे नजरेतून सुटलं होतं तेही या वेळी दिसलं. टोप तर प्रत्येक प्रसंगात वेगळ्या जागी होता.

आणि मग घणानं ग्लोव्ह्ज काढले. ठोसेकरांनी हळूच शेजारी पाहिलं. चष्मेवाला पुढे वाकून बसला होता. दोन्ही हात मांडीवर मोकळे सोडलेले, थरथरत होते आणि तो ते लपवत नव्हता. ठोसेकरांनी नजर पडद्याकडे वळवली आणि दिवे लागेपर्यंत तिथंच ठेवली.

बाहेर चहाची टपरी होती. चहावाल्यानं दोन कप काठोकाठ भरून फळीवर ठेवले.

"हं," चष्मेवाला म्हणाला. "बोल."

ठोसेकरांनी खोटं बोलायचं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं.

"भिकार आहे रे."

चष्मेवाला त्यांच्याकडे बघत राहिला.

"अगदी भिकार!" ठोसेकर आता थांबेनात. "त्या मुलीचं पुढे काय झालं? दार उघडलं आणि विसरले तिला! बँकेत तो कशाला गेला होता? तो टोप बघितलास? रिंगणात डावीकडे, घरी उजवीकडे!"

"आहेच भिकार," चष्मेवाला म्हणाला. "कोण नाही म्हणतंय?"

"मग?"

"मला आवडला."

"पण का?"

"ते नाही सांगता येत लेका. कुणीतरी उतरलेला पाहायचा होता."

ठोसेकरांनी फळीवरचा त्याचा कप उचलला, त्यातला अर्धा चहा रस्त्यावर ओतला आणि उरलेला अर्धा कप त्याच्या हातात दिला. तो सांडत नाही ना हे त्यांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, त्या तीन नंबरांच्या चष्म्यातून जेवढं दिसलं तेवढं.

"उतरला ते उतरला," ते म्हणाले, आणि आवाज फुटू नये म्हणून आणखी चढवला, "पण निदान टोप तरी नीट बसवायचा होता!"